मी बाद आहे

परवा एका शाळेच्या क्रीडास्पर्धांच्या बक्षीस-समारंभाला मला पाहुणा म्हणून बोलावले होते. वय ऐंशीच्या घरात गेले म्हणजे माणसाला अशी आमंत्रणे येऊ लागतात. पाहुण्याने ढाली वाटायच्या आणि खिलाडूवृत्तीवर चार शब्द बोलायचे, असा रिवाजच आहे. त्याप्रमाणे मी बोललो. जिंकल्यावर चढून जाऊ नये, हरल्यावर खचून जाऊ नये, वगैरे. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण माझ्या भाषणानंतर त्यांना अल्पोपाहार मिळणार होता. घरी परत येताना मात्र मनाला चुटपूट लागली. जे सांगायचे ते राहूनच गेले होते. ते आज येथे सांगतो.

आमचे बालपण काचीगुड्याच्या बाजूला गेले. घरात मराठी, गल्लीत दखनी, आणि भांडण हातघाईवर आले म्हणजे थोडीशी तेलुगू, असा आमचा त्रैभाषिक कारभार होता. खेळायला कायस्थांची मुले असत, मुसलमानांची असत, तेलुगू घरांतली असत. खेळांना मैदान नव्हते, शिट्टी नव्हती, अंपायर तर नव्हताच. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले. आमच्या गल्लीत नियम तोंडपाठ होते आणि रोज थोडे थोडे बदलत असत.

पण शब्द कसे नेमके होते पाहा! ज्याच्यावर डाव यायचा त्याच्यावर ‘राज्य’ आले असे आम्ही म्हणत असू. निजामाच्या राजधानीत वाढलेल्या आम्हां मुलांना राज्य म्हणजे शिक्षा वाटावी, यातली मौज तेव्हा कळली नाही; पण राज्य आल्यावर ते पुरे केल्याशिवाय घरी पळायचे नाही, हे पक्के कळत होते. एखाद्याचा धाकटा भाऊ फारच लहान असला तर तो ‘कच्चा लिंबू’. तो धावेल, ओरडेल, पण बाद होणार नाही. दुबळ्याला खेळातून हाकलू नये, त्याच्यासाठी नियम सैल करावा, ही गोष्ट कोणत्याही पुस्तकाशिवाय आम्हांला ठाऊक होती. आणि सर्वांत वाईट शब्द म्हणजे ‘रडी’. तेलुगू मुले त्यालाच ‘तोंडी’ म्हणत. मराठी कानाला तो शब्द भलताच गमतीचा वाटे, पण अर्थ एकच. जो रडीचा डाव खेळतो त्याला उद्या कोणी आपला भिडू करणार नाही. ती शिक्षा केवढी मोठी होती, ते संध्याकाळी एकट्याने ओट्यावर बसून राहिलेल्या मुलालाच विचारावे.

एका संध्याकाळची गोष्ट. हुतूतूचा डाव रंगात आला होता. पलीकडचा एक दांडगा मुलगा दम धरून आत शिरला, मी चपळाईने मागे सरलो, पण त्याचे बोट माझ्या टाचेला लागले. अगदी निसटते. अंधार पडू लागला होता. त्याची त्यालाच खात्री नव्हती. तो परत जाऊन म्हणाला, “लगा क्या?” मी छाती पुढे काढून सांगितले, “नक्को! बिलकूल नहीं लगा.” सगळे मानायलाही तयार झाले होते. इतक्यात माझ्याच बाजूने खेळणारा माझा थोरला भाऊ पुढे आला आणि म्हणाला, “लागला. मी पाहिलंय. हा बाद.”

आम्ही तो डाव हरलो. मी आठ दिवस दादाशी बोललो नाही. सख्ख्या भावाने, तेही आपल्याच भिडूने, असे करावे यापरता अन्याय मला दुसरा दिसत नव्हता. मी अखेरपर्यंत म्हणत राहिलो की मला लागला नव्हता. खोटे फार दिवस बोलले म्हणजे आपल्यालाच खरे वाटू लागते, तसे माझे झाले.

त्याच सुमारास आमच्या शहरात एका शाळामास्तरांचे नाव सर्वतोमुखी होते. सय्यद अब्दुल रहीम हे ते मास्तर. काचीगुड्याच्या मिडल स्कुलातही त्यांनी शिकवले होते, म्हणून आम्हांला ते आपल्या मोहल्ल्याचेच वाटत. त्यांनी तयार केलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. पुढे १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्या हाताखालचा भारतीय संघ चौथा आला. रहीमसाहेब पोरांसाठी मोठे विलक्षण सामने भरवीत. एका प्रकारात चेंडू पायाशी घोळवीत ठेवायला बंदी. आला की भिडूला द्यायचा! दुसऱ्यात फक्त दुबळ्या पायानेच मारायचे. ज्याला आपल्या कसबाची घमेंड आहे त्याच्या हातून ते कसबच काढून घ्यायचे, म्हणजे त्याला भिडूची आठवण येते. पुढे नोकरीत मी असे पुष्कळ साहेब पाहिले की जे आयुष्यभर चेंडू एकटेच घोळवीत राहिले. त्यांना रहीमसाहेबांच्या हाताखाली एक हंगाम घालवायला हवा होता, असे फार वेळा मनात आले.

१९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रहीमसाहेबांच्या संघाने दक्षिण कोरियाला अंतिम सामन्यात २-१ असे हरवले. त्या दिवशी स्टेडियममधला जमाव भारताच्या विरुद्ध खवळलेला होता, कारण इस्रायल व तैवान यांना स्पर्धेत येऊ न देण्याबद्दल एका भारतीय क्रीडा-पदाधिकाऱ्याने हरकत घेतली होती. त्या गदारोळात भारताच्या बाजूने ओरडणारे कोण होते? पाकिस्तानचे हॉकी खेळाडू! हॉकीत त्यांनीच भारताला हरवून सुवर्णपदक घेतले होते. ही हकीकत त्या सामन्यात खेळलेल्यांनीच पुढे सांगितली आहे. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, ते गेले.

ही झाली जिंकण्याची गोष्ट. जिंकताना उदार होणे तसे स्वस्तात पडते. खिलाडूवृत्तीची खरी किंमत मोजताना मी एकाच माणसाला पाहिले, तेही नुसत्या वर्तमानपत्रातून. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईला इंग्लंडविरुद्ध सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. आपला कर्णधार होता गुंडाप्पा विश्वनाथ. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत गेले होते. मग बॉथम आणि टेलर यांची जोडी जमू लागली, आणि टेलरला अंपायरने यष्टीमागे झेलबाद दिले. विश्वनाथ स्लिपमध्ये उभा होता. चेंडू बॅटला लागलेला नाही असे त्याला वाटले, आणि त्याने टेलरला परत बोलावून घेतले. त्या जोडीने १७१ धावांची भागी केली, आणि भारत दहा गड्यांनी हरला. म्हणजे सामना अक्षरशः त्या एका शब्दात गेला. क्रिकेटवाले आजही त्या परत बोलावण्याची गोष्ट सांगतात. पण मी ती वाचली तेव्हा मला विश्वनाथ आठवला नाही, दादा आठवला. मी पान उलटले आणि दुसरी बातमी वाचायला घेतली.

आता जे बक्षीस-समारंभात सांगता आले नाही, ते. १९९१ साली वडील गेल्यावर वाटणीचा प्रश्न आला. आम्ही तीन भावंडे. दादा, मी आणि नांदेडला दिलेली ताई. वडिलांच्या ठेवी तिघांत सारख्या वाटायच्या असे ठरले. माझे घर बांधताना, सात वर्षांपूर्वी, वडिलांनी मला ४०,००० रुपये दिले होते. उसने म्हणून. कागद नव्हता, साक्षीदार नव्हता, आईसुद्धा तोवर गेली होती. दादाने हिशेब वाचून दाखवला आणि विचारले, “आणखी कुणाचं काही देणं-घेणं?” मी गप्प बसलो.

अकरा दिवस मी गप्प होतो. त्या अकरा दिवसांत मी स्वतःशी कितीतरी वकिली केली. वडिलांनी कधी मागितले नव्हते. शेवटच्या दुखण्यात औषधपाणी मीच केले होते. दादाची नोकरी माझ्याहून चांगली होती. हे सगळे खरेही होते. पण रात्री अंथरुणावर पडलो की टाचेला काहीतरी लागल्यासारखे वाटे. मोठेपणी अंपायर पुष्कळ असतात हो! हिशेबतपासनीस असतो, कचेरी असते, कोर्ट असते. त्यामुळे आपली समजूत होते की त्यांनी पाहिले नाही तर काही घडलेच नाही. गल्लीत अंपायर नव्हता, म्हणून बाद झालेल्याने स्वतः सांगायचे असे.

बाराव्या दिवशी मी दादाकडे गेलो आणि सांगितले. माझी अपेक्षा होती की तो म्हणेल, “जाऊ दे रे, वडिलांनी तुला दिले, तुझे झाले.” तो तसे काही म्हणाला नाही. त्याने कपाटातून तोच कागद काढला, चष्मा लावला, एकूण रकमेत ४०,००० मिळवले, त्याचे तीन भाग केले, माझ्या भागातून ४०,००० वजा केले. त्याच्या आणि ताईच्या वाट्याला प्रत्येकी १३,३३३ रुपये आणि वर काही पैसे वाढले. ताईला त्याने माझ्यासमोरच पत्र लिहिले. त्यात रक्कम होती. मी ती अकरा दिवस दडवली होती, हे मात्र नव्हते.

मग वहिनीने चहा आणला. आम्ही पावसाबद्दल बोललो. निघताना दादा जिन्यापर्यंत आला. मी दोन पायऱ्या उतरलो असेन, तोच मागून म्हणाला, “काय रे, त्या दिवशी तुला लागला होता ना?”

कोणत्या दिवशी, हे मी विचारले नाही. पस्तीस वर्षे होत आली होती.

“लागला होता,” मी म्हणालो. “टाचेला.”

“मला दिसला होता,” दादा म्हणाला, आणि आत गेला.

दादा आता नाही. परवा त्या मुलांना ढाली देताना एक पोरगा माझ्याकडे पाहून हसला. त्याच्या गुडघ्यावर ताजी खरचट होती. त्याला हे सांगायला हवे होते. पण तोवर अल्पोपाहाराची घंटा झाली होती.