बेलडोंगरीचा व्रेडेनबर्गाइट

नागपूरहून जबलपूर रस्त्याने निघालं की कामठी, कन्हान मागे टाकून आपण कांद्री-मनसरला पोचतो. बहुतेकांची गाडी इथून रामटेककडे वळते. रस्त्यालगतचे काळे ढिगारे मँगनीजचे, एवढं कुणीही सांगेल. पण याच रामटेक तालुक्यातल्या बेलडोंगरी आणि काचुरवाही या दोन गावांची नावं जगभरच्या खनिजशास्त्राच्या ग्रंथांत छापलेली आहेत, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. बेलडोंगरीचं नाव तिथे गेलं ते प्रामुख्याने एका दुर्मीळ खनिजामुळे. त्याचं नाव व्रेडेनबर्गाइट. गंमत अशी की स्वतंत्र खनिज म्हणून ते आज मान्यच नाही.

नागपूर जिल्ह्यात मँगनीजच्या खदानी विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाल्या. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी निघाली होती. पोलादाला मँगनीज लागतंच, त्यामुळे युरोपातून मागणी जोरात होती. माल बाहेर पडू लागला तसा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा एक तरुण अधिकारी मध्य प्रांतातल्या खदानी पालथ्या घालू लागला. लुईस ली फर्मोर हे त्याचं नाव. १९०२ मध्ये तो नोकरीला लागला, पुढे सर्वेक्षणाचा संचालक झाला, ‘सर’ही झाला. प्रवासवर्णनकार पॅट्रिक ली फर्मोर हा त्याचाच मुलगा. १९०९ मध्ये फर्मोरने भारतातल्या मँगनीज साठ्यांवर बाराशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. खदानींची माहिती, धातुकाचं रसायन, व्यापार, वाहतूक असं सगळं त्यात आहे. शिवाय त्यात नव्या खनिजांची भलीमोठी पंगत बसली आहे.

या खनिजांची नावं बहुतेक माणसांची आणि गावांची होती. झाबुआजवळच्या काजलीडोंगरीत सापडलेल्या खनिजाला सर्वेक्षणाचे तेव्हाचे संचालक हॉलंड यांच्यावरून हॉलंडाइट. छिंदवाड्यातल्या सीतापारवरून सीतापाराइट. काचुरवाहीतली दोन खनिजं ब्लॅनफर्डाइट आणि जुडाइट, हीसुद्धा भूवैज्ञानिकांच्या नावांवरून. बेलडोंगरीत डांबरासारखं काळं काही सापडलं, त्याला बेलडोंग्राइट. आणि त्याच खदानीतल्या लोह-मँगनीजच्या एका जड, काळपट खनिजाला आपले सहकारी अर्नेस्ट व्रेडेनबर्ग यांचं नाव. बलुचिस्तानातल्या कामासाठी ओळखला जाणारा हा माणूस अशा रीतीने नागपूरच्या दगडात येऊन बसला. आंध्रातल्या गरिविडीलाही हे खनिज सापडलं होतं.

व्रेडेनबर्गाइटचा तुकडा हातात घेतला की आधी वजन जाणवतं. तेवढ्याच पाण्याच्या जवळजवळ पावणेपाचपट ते भरतं. रंग पोलादी करडा, पण उजेडात फिरवला की त्यावर कांस्याची झाक येते. काचेवर ओरखडा काढण्याइतकं ते कठीण आहे. चकाकी नसलेल्या फरशीवर घासलं तर गडद तपकिरी कस उमटतो. सगळ्यात ठळक खूण लोहचुंबकाची. या पट्ट्यातलं नेहमीचं धातुक म्हणजे ब्राउनाइट. ते चुंबकाला दाद देत नाही म्हटलं तरी चालेल. व्रेडेनबर्गाइट मात्र खटकन चिकटतं.

रासायनिक पृथक्करणाचा हिशेबही नीट बसला. मँगनीजच्या ऑक्साइडचे तीन भाग आणि लोहाच्या ऑक्साइडचे दोन, असं सूत्र फर्मोरने मांडलं. रूप वेगळं, चुंबकत्व वेगळं, सूत्र वेगळं. त्या काळच्या कसोट्यांना नवं खनिज म्हणायला एवढं पुरेसं होतं.

पृथक्करणाचा दबदबा तेव्हा का होता, हे कळायला जर्मनीतलं फ्रायबर्ग आठवावं लागतं. तिथल्या हिमेल्सफ्युर्स्ट खाणीत १८८५ मध्ये चांदीचं एक नवं खनिज सापडलं. खनिजशास्त्रज्ञ वाइसबाखने त्याला आर्जिरोडाइट हे नाव दिलं आणि पृथक्करणाचं काम रसायनशास्त्रज्ञ क्लेमेन्स विंकलरकडे गेलं. चांदी आणि गंधक मोजून झाले, पण बेरीज शंभर टक्क्यांवर येईना. दर वेळी सुमारे सात टक्क्यांची तूट. विंकलर त्या तुटीच्या मागे लागला आणि १८८६ मध्ये त्यातून जर्मेनियम हे नवं मूलद्रव्य बाहेर आलं. पंधरा वर्षांपूर्वी मेंडेलीव्हने सिलिकॉनच्या खालची जागा रिकामी ठेवून या मूलद्रव्याचा अणुभार ७२ असेल असं वर्तवलं होतं. तो निघाला साडेबहात्तरच्या आसपास. तराजूचा हा विजय फर्मोरच्या पिढीच्या डोळ्यांसमोरचा होता. बेरीज चुकली तर काहीतरी सुटलंय, बेरीज जुळली तर खनिज सापडलं, हा विश्वास त्यातूनच आलेला.

फ्रायबर्गला बेरीज जुळत नव्हती म्हणून सत्य सापडलं. बेलडोंगरीला ती जुळली, आणि तिथेच गफलत झाली.

पृथक्करणासाठी आधी दगडाची पूड करतात. पूड झाली की त्यात काय आहे आणि किती आहे हे समजतं; कशाच्या शेजारी काय होतं, ते मात्र कायमचं पुसलं जातं. दगडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत तेव्हा होती, पण मँगनीज-लोहाच्या धातुकातून उजेड आरपार जात नाही. त्यासाठी तुकडा आरशासारखा घासून त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश पाहावा लागतो, आणि हे तंत्र फर्मोरच्या ग्रंथानंतरच्या दोन दशकांत रुळलं. मग व्रेडेनबर्गाइटचा नमुना घासून भिंगाखाली ठेवल्यावर एकसंध खनिज दिसेचना. करड्या, किंचित तपकिरी पार्श्वभूमीवर टोपलीच्या विणीसारख्या बारीक, उजळ पट्ट्या एकमेकींना छेदत गेलेल्या. सूक्ष्मदर्शकाचं टेबल फिरवलं की पट्ट्या क्रमाने उजळतात आणि मंदावतात, कुठे कुठे आतून गडद लाल ठिणगी दिसते. पार्श्वभूमी मात्र तशीच राहते.

पट्ट्या हाउसमनाइटच्या आणि पार्श्वभूमी जेकब्साइटची. पहिला मँगनीजचा ऑक्साइड, दुसऱ्यात मँगनीजबरोबर भरपूर लोह. चुंबकाला चिकटतो तो जेकब्साइट. दोन्ही खनिजं आधीपासून माहीत होती. जेकब्साइट तर १८६९ पासून, स्वीडनमधल्या याकोब्सबर्गच्या नावाने. फर्मोरचं सूत्र या दोघांच्या मिश्रणाचं होतं. १९४३ मध्ये ब्रायन मेसनने या ऑक्साइडांचा एकत्रित अभ्यास मांडून बाजू स्पष्ट केली. खूप तापमानाला दोन्ही घटक एकाच स्फटिकात सुखाने नांदतात. तापमान उतरलं की एकत्र राहणं जमत नाही, आणि घन अवस्थेतच ते ठरावीक दिशांनी वेगळे होतात. एकसंध रूपाला मेसनने अल्फा म्हटलं आणि विलग झालेल्या रूपाला बीटा. बेलडोंगरीचा दगड हा असा विभक्त झालेला संसार आहे.

तो इथेच का झाला, याचं उत्तर सौसर समूहाच्या खडकांत आहे. नागपूर, भंडारा, छिंदवाडा आणि बालाघाट अशा सुमारे दोनशे किलोमीटरच्या कमानीत हे खडक पसरलेत. मुळात समुद्रतळावरचा मँगनीजयुक्त गाळ. पुढे कवचाच्या हालचालींत तो खोल गाडला गेला, दाबला-तापला, आणि त्याचं गार्नेट, क्वार्ट्झ, ब्राउनाइट यांच्या खडकात रूपांतर झालं. या गार्नेट-क्वार्ट्झ खडकाला फर्मोरने गोंड समाजावरून गोंडाइट म्हटलं. ते नाव आजही जगभर चालतं. सगळ्या पट्ट्यात तापमान सारखं चढलं नाही, त्यामुळे कुठे कोणतं खनिज आढळतं यावरून तिथली उष्णता ताडता येते. जाधवपूर विद्यापीठाच्या सुप्रिया रॉय यांनी या दिशेने मोठं काम केलं. व्रेडेनबर्गाइट हा त्यातला उच्च तापमानाचा साक्षीदार: आधी एकत्र येण्याइतकी उष्णता, मग वेगळं होण्याइतका सावकाश गारवा.

फर्मोरच्या पंगतीतून पुढे बरीच पानं उठली. सीतापाराइट म्हणजे अमेरिकेतला बिक्सबाइटच निघाला. ब्लॅनफर्डाइट आणि जुडाइट हे आधीच्याच खनिजकुळांतले मँगनीजयुक्त प्रकार ठरले. नागपूरला हे नवं नव्हतं. मिशनरी आणि भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप यांच्या सन्मानार्थ १८५९ मध्ये हॉटनने इथल्या एका हिरव्यागार खनिजाला हिस्लोपाइट म्हटलं होतं. ते हिरव्या द्रव्याने रंगलेलं साधं कॅल्साइट होतं. हॉलंडाइट मात्र टिकला, आणि नुसता टिकला नाही. त्याच्या स्फटिकात अणूंचे बोगदे असतात आणि त्यांत बेरियमसारखे मोठे अणू अडकून बसतात. अणुभट्टीतल्या किरणोत्सारी कचऱ्याला कोंडण्यासाठी १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियात सिन्रॉक नावाचा कृत्रिम दगड सुचवला गेला, त्यात हॉलंडाइटची ही रचना वापरली आहे.

टिकलेल्या आणि बाद झालेल्या नावांत फरक एकच. खनिज ठरतं ते अणूंच्या मांडणीवर, निव्वळ बेरजेवर नाही. म्हणून व्रेडेनबर्गाइट हा शब्द पुस्तकांतून गेला नाही, त्याचं काम बदललं. आता तो त्या विणीचं नाव आहे.

आणि ही वीण धंद्यालाही चुकत नाही. १९६२ मध्ये मॉयल ही मँगनीज काढणारी कंपनी स्थापन झाली. तिचं मुख्यालय नागपुरात, आणि तिच्या खदानींत कांद्री, मनसर, गुमगावबरोबर बेलडोंगरीही आहे. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालयही याच शहरात. फेरोमँगनीज करणाऱ्याला धातुकात लोह कमी हवं असतं. लोहाचे कण सुटे असतील तर दळून चुंबकाने बाजूला काढता येतात. पण तेच लोह विणीच्या धाग्याधाग्यांत गुंतलेलं असेल, तर कितीही बारीक दळा, चुंबकाबरोबर मँगनीजही जातं. दोन्ही मालांचा रासायनिक अहवाल अगदी सारखा येऊ शकतो, भाव मात्र सारखा येत नाही. तेव्हा माल घेणाऱ्याने पृथक्करणाचा कागद जरूर पाहावा, पण सौदा ठरवण्याआधी घासलेल्या तुकड्याचं भिंगाखालचं छायाचित्रही मागून घ्यावं.