हॅनिबल: कॅनीनंतरची तेरा वर्षे

हॅनिबलचा जन्म इ.स.पू. २४७ मध्ये, आजच्या ट्युनिसजवळच्या कार्थेज नगरात झाला. वडील हॅमिल्कार बार्का हे रोमविरुद्धच्या पहिल्या प्युनिक युद्धातले सेनानी. त्या युद्धात (इ.स.पू. २६४–२४१) कार्थेजच्या हातून सिसिली गेले आणि थोड्याच काळात सार्डिनियाही रोमने गिळले. ही झीज भरून काढण्यासाठी हॅमिल्कार स्पेनमध्ये उतरले. तिथल्या चांदीवर नवे सैन्य पोसले गेले. निघताना त्यांनी नऊ वर्षांच्या मुलाला रोमशी कधीही मैत्री न करण्याची शपथ घ्यायला लावली, अशी कथा ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने नोंदवली आहे. कथा रंगतदार आहे. पण युद्धाची मुळे गमावलेल्या बेटांत आणि लादलेल्या खंडणीत अधिक सापडतात.

इ.स.पू. २२१ मध्ये सैन्याने हॅनिबलला सेनापती निवडले, तेव्हा त्याचे वय २६ होते. दोन वर्षांनी त्याने रोमच्या मित्रनगराला, सागुंतमला, वेढा घातला. आठ महिन्यांनी ते पडले आणि दुसरे प्युनिक युद्ध पेटले. समुद्रावर रोमचे वर्चस्व होते, म्हणून हॅनिबल खुश्कीच्या मार्गाने निघाला: पिरेनीज, ऱ्होन नदी, मग आल्प्स. ३७ हत्तींची गोष्ट जगाला ठाऊक आहे. माणसांची कमी जणांना. ऱ्होनकडे निघताना ५०,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ होते, इटलीत पोहोचले ते २०,००० आणि ६,०००. हा दुसरा आकडा हॅनिबलने स्वतःच दक्षिण इटलीतल्या एका मंदिरात ब्राँझच्या पट्टीवर कोरवून ठेवला होता आणि पॉलिबियसने तो तिथूनच घेतला. उत्तर इटलीतले गॉल त्याला येऊन मिळाले नसते, तर मोहीम तिथेच संपली असती.

ट्रेबिया आणि ट्राझिमेनो सरोवर इथे दोन रोमन फौजा बुडाल्या. रोमन सेनानी फेबियस मॅक्सिमसने मग समोरासमोरची लढाई टाळून शत्रूची रसद तोडण्याचे धोरण धरले. ते शहाणपणाचे होते, पण रोमकरांना ते भित्रेपणाचे वाटले. इ.स.पू. २१६ मध्ये रोमने सुमारे ८०,००० पायदळ एकत्र करून कॅनीच्या मैदानात उतरवले.

२ ऑगस्टच्या त्या लढाईत हॅनिबलकडे ४०,००० पायदळ होते. घोडदळ मात्र १०,०००, म्हणजे रोमपेक्षा जास्त. मधली फळी त्याने गॉल आणि स्पॅनिश सैनिकांची केली, शत्रूच्या दिशेने फुगवलेली. ही फळी हटत गेली आणि विजय दिसू लागलेले रोमन आत घुसत गेले. दोन्ही टोकांना राखून ठेवलेले आफ्रिकी पायदळ तेव्हा आत वळले. रोमन घोडदळ आधीच उधळून लावून हॅनिबलचे स्वार पिछाडीवर आले. चहूबाजूंनी दाबल्या गेलेल्या त्या गर्दीत तलवार उपसायलाही जागा उरली नाही. रोमन इतिहासकार लिव्ही सुमारे ४८,००० मृत सांगतो, पॉलिबियस ७०,०००. खरी कठीण गोष्ट व्यूहाची आखणी नव्हती. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या भाडोत्री सैनिकांनी ठरल्याप्रमाणे, न फुटता मागे सरकणे ही होती.

घोडदळाचा अधिकारी महारबल याने लगेच रोमवर चालून जाण्याचा आग्रह धरला आणि हॅनिबलने तो मानला नाही, असे लिव्ही सांगतो. यावर इतिहासकार दोन हजार वर्षे वाद घालत आहेत. तटबंदीचे ते शहर सुमारे ४०० किलोमीटर दूर होते आणि वेढ्याची यंत्रे जवळ नव्हती. हॅनिबलचा डावही वेगळा होता: रोमचे इटालियन मित्र फोडायचे. कापुआ फुटले, दक्षिणेतली आणखी काही नगरे फुटली. पण लॅटिन वसाहती आणि मध्य इटली जागचे हलले नाहीत, आणि त्यांच्याच जोरावर रोमने पुढच्या काही वर्षांत २५ पलटणी (लीजन) उभ्या केल्या. फुटून आलेल्या नगरांचे रक्षण करणे हेच आता हॅनिबलच्या गळ्यातले लोढणे झाले. इ.स.पू. २११ मध्ये कापुआ परत गेले. २०७ मध्ये कुमक घेऊन येणारा भाऊ हस्द्रुबल मेटॉरसच्या काठी मारला गेला. रोमनांनी त्याचे मुंडके हॅनिबलच्या छावणीपुढे फेकले.

दरम्यान तरुण रोमन सेनानी स्किपिओने स्पेन जिंकून आफ्रिकेत पाऊल ठेवले. २०३ मध्ये हॅनिबलला मायदेशी बोलावले गेले. पुढल्या वर्षी झामाच्या लढाईत मासिनिस्साचे न्यूमिडियन स्वार रोमकडून लढले आणि कॅनीचाच फास हॅनिबलच्या गळ्यात पडला. तहानुसार कार्थेजने ५० वर्षांत १०,००० टॅलेंट चांदी द्यायची होती.

यानंतरचा हॅनिबल कमी वाचला जातो. इ.स.पू. १९६ मध्ये प्रमुख शासनाधिकारी होऊन त्याने तहहयात न्यायाधीशांची मुदत एका वर्षावर आणली आणि सार्वजनिक पैशाची अफरातफर उघडी पाडली. दुखावलेल्या सरदारांनी रोमकडे चहाडी केली आणि त्याला पळावे लागले. सीरियाचा राजा अँटायोकस, मग बिथिनियाचा राजा प्रुसियस असे आश्रयदाते झाले. रोमने त्याची मागणी केली तेव्हा इ.स.पू. १८३ च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानातल्या गेब्झेजवळ, त्याने विष घेतले.

कार्थेजचा एकही इतिहासग्रंथ उरला नाही. हॅनिबल कळतो तो शत्रूपक्षाच्या लेखणीतून. रोमनांनी त्याला क्रूर आणि कपटी ठरवले, आणि थोरही केले, कारण त्यामुळे स्किपिओचा विजय मोठा दिसत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन सेनानी श्लीफेनने कॅनीवर अभ्यासमाला लिहिली, आणि दोन्ही बगलांनी घेरण्याचा आदर्श लष्करी शिक्षणात रुजला. त्या आदर्शात लढाईचा दिवस आला, नंतरची तेरा वर्षे गळली. ट्युनिसियाच्या पाच दिनारांच्या २०१३ च्या नोटेवर हॅनिबलचे चित्र छापले गेले होते, आणि गेब्झेला १९८१ मध्ये त्याचे स्मारक उभारण्यात आले.