प्लॅस्टिकचे एल्फ सैनिक स्वस्त कसे होतात?

आजचा विषय जरा वेगळा आहे. टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांसाठी जे एल्फ सैनिक लागतात, ते प्लॅस्टिकमध्ये आणि परवडणाऱ्या किमतीत कसे मिळू लागले, हे आज आपण बघणार आहोत. ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून देतो.

मोठ्या टेबलावर टेकड्या, झाडं, घरं मांडायची आणि दोन बाजूंची छोटी सैन्यं समोरासमोर उभी करायची. कोण किती इंच पुढे जाणार हे मोजपट्टीनं मोजायचं, मार कोणाला बसला हे फाशांवर ठरवायचं. दिवाळीत आपल्याकडे मुलं मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतात, ते डोळ्यांसमोर आणा. तिथले मावळे जागेवर उभे असतात, इथले नियमांप्रमाणे चालतात आणि लढतात. इंग्लंडमध्ये हा छंद जुना आहे. एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं 1913 साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं नियमांचं पुस्तकच काढलं होतं.

आता एल्फ. ही परीकथेतली पंखवाली चिमुकली परी नव्हे. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’नं (1954-55) एल्फचं जे रूप लोकांच्या मनात बसवलं, ते म्हणजे उंच, सडपातळ, टोकदार कानांचा, दीर्घायुषी, धनुष्य आणि भाल्यात तरबेज योद्धा. अद्भुतरम्य युद्धखेळांनी तेच उचललं. त्यामुळे अशा जवळजवळ प्रत्येक खेळात एल्फांची एक फौज असतेच.

मूळ अडचण संख्येची आहे. बुद्धिबळाला एका बाजूला 16 सोंगट्या पुरतात. रांगा लावून लढणाऱ्या खेळात एकेका तुकडीत 20 सैनिक असतात आणि अशा पाच-सहा तुकड्या मिळून सैन्य होतं. म्हणजे शंभरेक बाहुल्या झाल्या. एका बाहुलीची किंमत दहा रुपयांनी वाढली, तर सैन्य हजार रुपयांनी महागतं. शाळा-कॉलेजातल्या मुलानं हा खेळ खेळायचा की दुकानाच्या काचेतून नुसता बघायचा, हे इथेच ठरतं.

मग बाहुलीची किंमत कशावर ठरते? प्लॅस्टिकवर, असं आपल्याला वाटतं. पण एका बाहुलीत काही ग्रॅमच पॉलिस्टायरिन जातं, त्याची किंमत नगण्य. खरा पैसा साच्यात जातो.

दोन पद्धती शेजारी ठेवून बघू. जुनी पद्धत धातूची. रबराच्या गोल साच्यात बाहुल्यांचे आकार दाबून घ्यायचे, साचा यंत्रावर गरगर फिरवायचा आणि मधल्या भोकातून वितळलेला कथिलाचा मिश्रधातू ओतायचा. फिरण्याच्या जोरानं तो कडेपर्यंत पोचतो. हा साचा स्वस्तात होतो आणि छोट्या खोलीतसुद्धा हे काम चालतं. पण प्रत्येक बाहुलीला धातू लागतो, हात लागतात, आणि रबराचा साचा काही काळानं झिजतो. त्यामुळे पहिली बाहुली स्वस्त पडते, पण हजारावी काही त्याहून स्वस्त होत नाही.

प्लॅस्टिकचं उलटं आहे. इंजेक्शन मोल्डिंगसाठी धातूचा साचा अगदी बारीक कोरावा लागतो आणि तो फार महाग असतो. एकदा झाला, की गरम प्लॅस्टिक दाबानं आत जातं, थंड होतं, साचा उघडतो आणि फ्रेम बाहेर. दुसऱ्या क्षणी पुढची.

हिशोबासाठी आकडे आपण कल्पनेनं धरू. समजा साच्याला 20 लाख रुपये लागले. हजार खोकी विकली, तर प्रत्येक खोक्यावर साच्याचाच बोजा 2,000 रुपये. वीस हजार खोकी विकली, तर तोच बोजा 100 रुपये. प्लॅस्टिक तेच, एल्फ तोच, फक्त घेणारे वाढले. म्हणून प्लॅस्टिकचा सैनिक स्वस्त व्हायला एकच गोष्ट लागते: तोच सैनिक पुष्कळ लोकांना हवा असला पाहिजे.

एल्फ इथे एका बाबतीत सोयीचा आहे आणि एका बाबतीत त्रासाचा.

त्रास आधी सांगतो. मोदकाचा साचा आठवा. दोन बाजू उघडल्या की मोदक अलगद सुटतो, कारण त्याच्या कळ्या साच्यातून सरळ निघतील अशाच असतात. कळीला आतल्या बाजूनं आकडा असता, तर साचा उघडताना मोदक फाटला असता. प्लॅस्टिकच्या बाहुलीचं तसंच आहे. अंगाशी धरलेलं धनुष्य, खांद्यामागून उडणारा अंगरखा, या सगळ्यात असे आकडे येतात. मग बाहुलीचे तुकडे करावे लागतात: धड वेगळं, हात वेगळे, डोकं वेगळं. त्यातून एल्फ सडपातळ. भाला खऱ्या प्रमाणात केला, तर तो सुईसारखा होतो आणि पहिल्याच खेळात मोडतो. जाड केला, तर नाजूकपणा जातो. बुटक्या, दाढीवाल्या ड्वॉर्फचं असं नसतं, तो साच्याला मानवतो. एल्फ करणाऱ्याला प्रत्येक वेळी टिकाऊपणा आणि देखणेपणा यांत तडजोड करावी लागते.

आता सोय. भाला, ढाल, उंच शिरस्त्राण आणि टोकदार कान एवढं असलं की तो एल्फ. ही कल्पना कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. एका खेळासाठी केलेला एल्फ दुसऱ्या खेळात चालतो. म्हणजे साच्याचा खर्च वाटून घ्यायला गिऱ्हाईक जास्त.

हे प्रत्यक्षात कसं घडलं ते बघू. गेम्स वर्कशॉप ही कंपनी 1975 साली लंडनमध्ये सुरू झाली आणि पुढे नॉटिंगहॅमला स्थिरावली. 1983 मध्ये तिचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला. सुरुवातीला त्यातल्या बहुतेक बाहुल्या धातूच्या होत्या. 1992 च्या चौथ्या आवृत्तीच्या खोक्यात उच्चकुलीन एल्फ विरुद्ध गॉब्लिन अशी प्लॅस्टिकची दोन सैन्यं होती. सगळे भालेवाले एकाच साच्यातून आलेले, एकाच पवित्र्यात उभे. पण एक खोकं घेतलं की दोन मित्रांना खेळता येई. 2010 च्या ‘आयलंड ऑफ ब्लड’ या खोक्यात पुन्हा एल्फ होते, या वेळी उंदीरमाणसांविरुद्ध. अशा खोक्यांतले अर्धे सैनिक लोक विकून टाकत आणि ज्यांना एल्फच हवे असत ते ते घेत. स्वस्त एल्फ मिळवण्याचा हा जुना रस्ता आजही चालू आहे.

मग 2015 उजाडलं. कंपनीनं कथेतलं ते जगच नष्ट केलं, रांगांचा तो खेळ बंद केला आणि ‘एज ऑफ सिग्मार’ हा वेगळा खेळ आणला. त्यात चौकोनी तळांऐवजी गोल तळ आले. एल्फचं स्पेलिंगसुद्धा बदललं. सर्वसामान्य शब्दापेक्षा स्वतःच्या शब्दावर मालकी सांगणं सोपं, असा त्याचा अर्थ पुष्कळांनी लावला. ज्यांनी दहा-पंधरा वर्षं एकेक तुकडी रंगवून चौकोनी तळांवर सैन्य उभं केलं होतं, त्यांनी काय करायचं? बाहुल्या कपाटात होत्या, पण त्या ज्या खेळासाठी घेतल्या तो कंपनीकडून संपला होता.

एल्फ सामायिक असण्याचा उपयोग इथे झाला. नॉटिंगहॅममध्येच 2008 साली मँटिक गेम्स ही कंपनी निघाली होती. संस्थापक रॉनी रेंटन पूर्वी गेम्स वर्कशॉपमध्येच होते. त्यांच्या सुरुवातीच्या मालातच प्लॅस्टिकचे एल्फ होते. ते फारच किडकिडीत आहेत, असं काही म्हणत; काहींना तेच आवडलं. पण सैन्य उभं करायला लागणारा खर्च कमी झाला, हे मात्र खरं. त्यांचा ‘किंग्ज ऑफ वॉर’ हा खेळ 2010 मध्ये आला. त्याचे नियम ॲलेसिओ कॅव्हाटोरे यांनी लिहिले, ज्यांनी आधी वॉरहॅमरवर काम केलं होतं. 2015 नंतर अनेकांनी आपले जुने एल्फ उचलले आणि या खेळात आणले. इतर काहींनी मिळून ‘नाइन्थ एज’ हे नियम स्वतःच तयार केले. 2024 मध्ये गेम्स वर्कशॉपनंही ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावानं रांगांचा खेळ परत आणला.

‘किंग्ज ऑफ वॉर’मधली एक गोष्ट खिशाच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे. त्यात एकेक सैनिक उचलून बाजूला ठेवत नाहीत. पूर्ण तुकडी एकच वस्तू मानतात आणि तिला बसलेला मार आकड्यात मोजतात. त्यामुळे सैनिक एका मोठ्या पाटावर कायमचे चिकटवता येतात. 20 सैनिकांच्या एल्फ तुकडीचा पाट 100 बाय 80 मिलिमीटर. पाटाचं माप बरोबर पाहिजे, सैनिक थोडे कमी असले तरी चालतं. मधे एखादा खडक, झाडाचं खोड, पडकी कमान ठेवली तर पाट उलट जास्त छान दिसतो. म्हणजे नियमांनीही सैन्य स्वस्त होऊ शकतं, हे ध्यानात घ्या.

पुढचं पाऊल ‘ओथमार्क’चं. ऑस्प्रे या प्रकाशनानं 2020 मध्ये जोसेफ मॅककुलो यांचं हे नियमांचं पुस्तक काढलं आणि नॉर्थ स्टार या कंपनीनं त्यासाठी प्लॅस्टिकची खोकी आणली. एल्फ पायदळाच्या खोक्यात 30 सैनिक मिळतात. हे एल्फ दिसायला साधे, कुणा एका कथेला न बांधलेले आहेत. त्यामुळे ते कुठल्याही खेळात खपतात.

आता विकत घेताना काय बघायचं, ते थोडक्यात सांगतो.

पहिलं म्हणजे माप. 28 मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी दोन प्रकार असतात. एकात डोकं आणि हात मुद्दाम मोठे, दुसऱ्यात माणसासारखं प्रमाण. दोन्ही एका तुकडीत मिसळले तर डोळ्याला खटकतं; वेगळ्या तुकड्यांत ठेवले तर कुणाच्या लक्षात येत नाही. त्याहून लहान 1/72 मापाचेही एल्फ मिळतात, सीझर मिनिएचर्सनं केले आहेत तसे. ते स्वस्त असतात, पण मऊ प्लॅस्टिकचे असल्यामुळे नेहमीचा मॉडेलचा गोंद त्यांना नीट धरत नाही आणि वाकवल्यावर रंगाचे पोपडे उडतात.

दुसरं, तळाचं माप. जो खेळ खेळायचा त्याचे नियम आधी वाचा, सैनिक नंतर चिकटवा. जुन्या वॉरहॅमरमध्ये एल्फ पायदळाला 20 मिलिमीटरचा चौकोनी तळ होता, ‘द ओल्ड वर्ल्ड’मध्ये तो 25 झाला.

तिसरं, किंमत खोक्यावरची बघू नका. ती सैनिकांच्या संख्येनं भागा, आणि गोंद, रंग, ब्रश आणि टपालखर्च त्यात मिळवा. आपल्याकडून मागवणाऱ्यांना सीमाशुल्कही धरावं लागतं. म्हणून चार मित्रांनी मिळून एकदाच मागवलेलं बरं.

(एका श्रोत्याचा प्रश्न : थ्रीडी प्रिंटर आल्यावर या साच्यांची गरज उरेल का?)

चांगला प्रश्न आहे. प्रिंटरला साचा लागत नाही, त्यामुळे एक सेनापती, एक ड्रॅगन करायला तो उत्तम. पण शंभर भालेवाले काढायचे तर शंभरांचाही वेळ लागतो, रेझिन लागतं, धुणं आणि पक्कं करणं आलं. शिवाय कच्चं रेझिन हाताला लागू द्यायचं नाही, खोली हवेशीर ठेवायची. पुष्कळ खेळाडू दोन्ही वापरतात: रांगा प्लॅस्टिकच्या खोक्यातून, नायक प्रिंटरवर.

(दुसरा प्रश्न : सगळे तेच एल्फ घेणार असतील, तर सगळी सैन्यं सारखीच नाही का दिसणार?)

दिसतील, आणि ही तक्रार रास्त आहे. स्वस्ताईची ती किंमत आहे. उपाय रंगात आणि सुऱ्यात आहे. डोकी बदला, एका खोक्यातले हात दुसऱ्याला लावा, झेंडा स्वतः काढा. पॉलिस्टायरिन कापता येतं, गोंदानं ते वितळून एकजीव होतं. धातूत हे इतकं सोपं नव्हतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, असं हातानं केलेलं, कुठल्याही नियमांत बसणारं सैन्य पुढे एखादी कंपनी खेळ बंद करते तेव्हाही तुमच्या उपयोगाचं राहतं. खोकं घेताना हा विचार करा, एवढीच आमची विनंती.

आज इथेच थांबू.