वेढ्याला कोण न्यायचं?

नसरापूरच्या बनेश्वर मंदिरात एक पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर 1683 हे साल आहे, आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतून ती इथं आली असं सांगतात. तटबंदीचं शहर घ्यायला कोणतं सैन्य न्यावं, हा प्रश्न आज संगणकावर डावपेचांचे खेळ खेळणाऱ्या मुलांना रोज पडतो. वसईच्या वेढ्यात त्याचं उत्तर सविस्तर सापडतं.

2016 साली आलेला 'सिव्हिलायझेशन 6' हा आळीपाळीनं चाल करायचा खेळ. नवखा खेळाडू भरपूर घोडदळ जमवतो आणि थेट तटावर घालतो. तटाला जेमतेम ओरखडा उठतो, वरून मारा सुरू होतो आणि चार-पाच चालींत सैन्य गारद.

जाणता खेळाडू कामं वाटून देतो. तट फोडायला आधी दगडफेकी यंत्रं, पुढच्या काळात तोफा. पण त्यांना जवळच्या लढाईत टिकाव धरता येत नाही, म्हणून त्यांच्यापुढे भालाईत उभे करायचे. शहराला चहूबाजूंनी कोंडलं की त्याची झालेली हानी भरून निघत नाही. ते काम घोडदळाकडे. आणि शेवटचा नियम फार महत्त्वाचा: तिरंदाज किंवा तोफा शहराचा ताबा घेऊ शकत नाहीत. त्यासाठी समोरासमोर भिडणारी तुकडीच आत शिरावी लागते. तेव्हा नुसत्या तोफा नेणारा वेशीवरच अडकतो.

वसईत हेच घडलं, फक्त खऱ्या माणसांच्या जिवावर. मराठ्यांनी 1737 मध्ये ठाणं घेतलं, जानेवारी 1739 मध्ये माहीम आणि तारापूर. आजूबाजूची ठाणी गेल्यानं वसई एकटी पडली. फेब्रुवारीत वेढा बसला. किल्ल्याला समुद्र आणि खाडीचा आधार, त्यामुळे जोर लावायचा तो उत्तरेच्या जमिनीकडून. तिथं मोर्चे खणले, तोफा लावल्या आणि बुरुजांखाली सुरुंग भरले. मे महिन्यात सुरुंगांनी तटाला खिंडार पाडलं, पण एक सुरुंग उशिरा उडाला आणि वर चढणारी मराठ्यांचीच माणसं त्यात गेली. तरीही पायदळ पुन्हा चढलं. त्याच महिन्यात पोर्तुगीजांनी शहर सोडायचं कबूल केलं. खणणारे, गोलंदाज आणि खिंडारात घुसणारे, यांपैकी एकही पथक कमी असतं तर वसई हाती आली नसती.

डोंगरी किल्ल्यांचा हिशेब वेगळा. 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान पुरंदरावर आले, तेव्हा त्यांनी आधी शेजारचा वज्रगड घेतला, कारण तिथून तोफांचा मारा पुरंदराच्या माचीवर पोचत होता. मुरारबाजी देशपांडे निवडक मावळ्यांसह बाहेर पडून दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. पुढं तहात 23 किल्ले द्यावे लागले, त्यांत कोंढाणाही होता.

तोच कोंढाणा तानाजी मालुसऱ्यांच्या मावळ्यांनी फेब्रुवारी 1670 मध्ये रातोरात कडा चढून परत घेतला. तिथं तोफ चढवायला ना वाट होती ना वेळ. चढणारी माणसं हेच हत्यार होतं. 2009 च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येतं, आणि त्यातलं पायदळ दोर टाकून तट चढतं. मावळातल्या खेळाडूनं तोफा पोचायची वाट न बघता ही चाल एकदा जरूर करून पाहावी.