शरदातील फळे-भाज्या आणि आपले आरोग्य

जुने वैद्य शरद ऋतूला आपली माता म्हणत. थट्टा मार्मिक आहे; कारण आश्विन-कार्तिकात रोग्यांची रीघ लागे आणि वैद्यांचा प्रपंच चाले. आजही पाऊस सरला की दुपारी ऊन चटके देते, पहाटे गारठा पडतो आणि घरोघर ताप-खोकला सुरू होतो. फळे खाल्ल्याने ताप येतच नाही असे नव्हे. पण सकस शरीर आजारातून लवकर सावरते. याच दिवसांत बाजारात जे स्वस्त व ताजे मिळते, त्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम पेरू. 100 ग्रॅम पेरूत सुमारे 200 मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. म्हणजे संत्र्याच्या जवळजवळ चौपट. आवळा तर याच्याही पुढे. या जीवनसत्त्वाने हिरड्या बळकट राहतात व जखमा भरून येतात. शिवाय पालेभाज्यांतील व डाळींतील लोह अंगी लागण्यासही त्याची मदत होते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या दर 100 स्त्रियांपैकी 57 जणींना रक्तक्षय आढळला. वर्गात पहिल्याच तासाला पेंगणारी मुलगी आळशी ठरते. ती अशक्त असेल, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा मुलीच्या ताटात माठाची किंवा मेथीची भाजी, तीवर लिंबू आणि शेवटी पेरूच्या दोन फोडी असाव्यात. चहा मात्र जेवणाला लागून देऊ नये. त्याने लोह नीट शोषले जात नाही. रक्त तपासून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर त्या घ्याव्यातच. पेरू गोळीची जागा घेत नाही.

आता आपल्या बेळगावची रताळी. नवरात्राच्या सुमारास बाजारात त्यांचे ढीग लागतात. उपवास असो वा रोजा सोडण्याची वेळ असो, उकडलेले रताळे पोटाला आधार देते व त्यातील चोथ्याने कोठा साफ राहतो. मधुमेह्यांनी मात्र ते बेताने खावे. आतून पांढऱ्या रताळ्यात डोळ्यांना हितकर असे कॅरोटिन थोडेच असते. ते केशरी रताळ्यात व तांबड्या भोपळ्यात भरपूर मिळते. भोपळ्याच्या भाजीला तेलाची फोडणी हवीच, कारण स्निग्धाशिवाय कॅरोटिन अंगी लागत नाही.

सीताफळ गोड व पौष्टिक आहे. मधुमेह्यांनी येथेही जपावे. त्याच्या बिया वाटून उवांसाठी डोक्याला लावण्याची रीत आहे, ती मात्र घातक होय. ते वाटण डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होते.

शेवटी स्वयंपाकघरातील दोन गोष्टी. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतल्यास 'क' जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. तसेच ते उष्णतेनेही नाश पावते. म्हणून पेरू कच्चाच खावा आणि लिंबू भाजी उतरविल्यावर पिळावे.

महागडे टॉनिक विकत घेण्यापूर्वी आपल्या माताभगिनींनी एकदा मंडईची पिशवी उघडून पाहावी. पैसा थोडा लागेल, लक्ष मात्र रोज द्यावे लागेल. आणि ते घरातील मुलींच्या ताटाकडे आधी द्यावे, एवढीच आमची विनंती.