सहभागी अभिकल्प
सहभागी अभिकल्प : एखादे यंत्र, संगणक प्रणाली अथवा सेवा ज्यांना वापरावी लागणार, त्यांनाच तिच्या संशोधनात व आखणीत तज्ज्ञांच्या बरोबरीने स्थान देणारी कार्यपद्धती. वापरणाऱ्यांचे मत विचारणे एवढाच तिचा अर्थ नाही. काय बनवावे हे ठरविण्याचा अधिकारही तीत वाटून घेतला जातो. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात स्कँडिनेव्हियातील कारखान्यांत संगणक येऊ लागले, तेव्हा तिचा उगम झाला.

सिम्युला या संगणकीय भाषेचे एक जनक क्रिस्टेन न्यूगोर्ड यांनी नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर १९७१–७३ च्या सुमारास केलेले संशोधन हा तिचा आरंभ मानतात. तज्ज्ञांनी अहवाल लिहावा, अशी प्रथम योजना होती. पुढे सभासदांनी मिळविलेले ज्ञान व त्यावरून केलेली कृती हेच प्रकल्पाचे फलित ठरविण्यात आले. १९७५ मध्ये तेथील मालकांच्या व कामगारांच्या मध्यवर्ती संघटनांत करार होऊन नव्या संगणक प्रणालींची माहिती आधीच मिळण्याचा हक्क कामगारांना लाभला.

तथापि केवळ माहितीच्या हक्काने कौशल्य टिकत नाही. तयार यंत्रे मालकांच्या गरजा पाहूनच बनविलेली असत. म्हणून नॉर्डिक मुद्रण कामगार संघटना, स्टॉकहोमची रॉयल तंत्रविद्या संस्था, डेन्मार्कमधील आर्हूस विद्यापीठ इत्यादींनी ‘यूटोपिया’ प्रकल्पात (१९८१–८५) वृत्तपत्राच्या पृष्ठरचनेची प्रणाली स्वतःच आखावयास घेतली. आरंभी संशोधकांच्या आकृत्या कामगारांना परक्या वाटल्या. उलट, पान लावणाऱ्याच्या हातातील कसब शब्दांत सांगता येईना. तेव्हा पुठ्ठ्याची खोकी व कागद यांची नकली यंत्रे मांडण्यात आली. एका रिकाम्या खोक्यावर तर ‘लेसर मुद्रक’ एवढेच लिहिलेले होते. कामगार त्यांपुढे बसून पान लावून दाखवीत व जेथे अडे तेथे मांडणी बदलीत. पुठ्ठा कापण्यास अभियंता लागत नाही, हेच या युक्तीचे खरे बळ होय.

तयार झालेल्या प्रणालीची चाचणी ‘आफ्टोनब्लाडेट’ या स्वीडिश वृत्तपत्रात झाली. तिला व्यापारी यश मात्र लाभले नाही. पत्रकारांची संघटना प्रकल्पाबाहेर राहिली, ही मोठीच उणीव होती. कारण संगणकामुळे पत्रकार व मुद्रण कामगार यांच्या कामांतील सीमारेषाच पुसट होत होती. पद्धती मात्र टिकली. १९९० पासून तिच्यावर दर दोन वर्षांनी आंतरराष्ट्रीय परिषद भरते व रुग्णालये, नगररचना अशा क्षेत्रांतही ती वापरली जाते. अनेक व्यापारी कंपन्यांनीही तिच्यातील पुठ्ठ्याचे नमुने उचलले; निर्णयाचा वाटा मात्र क्वचितच दिला.