आजोबांची भरमार: कारागीर शोधण्याआधी

गेल्या महिन्यात आमच्या एका विद्यार्थिनीचे अब्बा शाळेत आले. मरहूम वालिदांची खोली आवरताना माळ्यावरून भरमार निघाली होती. दस्त्याला तडा, घोडा गंजून जाम. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "सर, गावचा लोहार म्हणतो घोडा बसवून देतो. देऊ का?" आम्ही म्हणालो, भाई, आधी चहा घ्या, आणि लोहाराला हातसुद्धा लावू देऊ नका.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न एकट्या-दुकट्या घराचा नाही. इथं शेतराखणीसाठी आणि एके काळी शिकारीसाठी भरमार बंदुका होत्या. नळीच्या तोंडातून दारू भरायची, वरून छर्रे किंवा गोळी, मग गजाने ठासायचं, म्हणून भरमार. जळत्या वातीने पेटते ती तोडेदार. घोडा छोट्या टोपीवर आपटून पेटते ती टोपीदार. नळीला आतून पीळदार खाचा असतील तर ती रायफल, नसतील तर साधी बंदूक. घरात सगळीलाच रायफल म्हणतात, तो भाग वेगळा.

आता कायद्याचं. "शंभर वर्षं जुनी आहे, तिला कसलं लायसन?" हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकलंय. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणवस्तूसारख्या किंवा मोडक्या हत्याराला सूट जरूर आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. म्हणजे गंमत बघा, ज्या क्षणी कारागीर म्हणतो "ही चालू होईल", त्याच क्षणी ती सूट हातची जाते. मग परवान्याचा प्रश्न उभा राहतोच. विनापरवाना बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षांची कैद आहे. आणि परवाना नसताना बंदूक दुरुस्त करणाऱ्याला? किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. त्या बिचाऱ्या लोहाराला हे ठाऊकच नव्हतं. दोनशे रुपयांच्या कामापायी त्याचं घर उघड्यावर आलं असतं.

म्हणून पहिलं काम कारागीर नव्हे, कागद. जुन्या ट्रंका उघडा. या भाईंच्या घरी रेशनकार्डांच्या गठ्ठ्यात वालिदांचं लायसन सापडलं. परवानाधारकाचा इंतकाल झाला की घरच्यांनी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते (कलम २१). आधी ठाण्याला कळवा, बंदूक कशी आणायची ते विचारा. पिशवीत गुंडाळून एसटीने निघू नका. जमा केल्याची पावती सोडू नका. परवाना कधी नव्हताच, असं असेल तर ठाण्यात जाण्याआधी वकिलाशी बोला. पण भीतीपोटी विहिरीत टाकणं किंवा शेतात पुरणं नको. आपल्या मोहल्ल्यात तसं सुचवणारे शहाणे पुष्कळ भेटतात.

त्यानंतर वारसाने जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. इतर वारसांची ना-हरकत लागते, आणि वारसांत बहिणीही येतात. भावांनी आपसांत ठरवून अर्ज दिला की तो तिथंच अडकतो. आपल्या भागात आणखी एक पेच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती आधी लागते. अंधारी, चपराळा, भामरागड यांच्या आसपास राहणाऱ्यांनी हा वेळ हिशेबात धरावा.

परवाना हातात आला की मग कारागीर. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत अधिकृत दुरुस्ती करणाऱ्यांची चौकशी करा. चंद्रपूरचा माणूस अशा कामाला बहुधा नागपूरकडेच बघतो. दुकानावरच्या पाटीवर जाऊ नका, परवाना बघायला मागा, त्यात दुरुस्तीची परवानगी आहे का ते वाचा. चांगला कारागीर आधी गज घालून नळी रिकामी आहे का ते तपासतो, कारण वर्षानुवर्षं भरून ठेवलेली दारूही पेटू शकते. म्हणून घरी घोडा ओढून बघू नका, मुलांच्या हाती देऊ नका. पॉलिश पेपरने गंज घासू नका, नळीवरची जुनी अक्षरं आणि नक्षी त्यातच जाते. जुनी नळी वरून धड दिसली तरी आतून खाल्लेली असते. कारागीर "फक्त भिंतीवर शोभेल" म्हणाला, तर त्याचं ऐकावं.

आमच्या त्या भाईंची भरमार सध्या ठाण्यात जमा आहे, पावती लायसनसोबत त्याच ट्रंकेत. दोन बहिणींच्या सह्या झाल्या. तिसरी बल्लारपूरला असते, ती म्हणते, आधी अब्बांचा फोटो मोठा करून द्या, मग सही करते.